जुन्या थिंकपॅडला जुनाच पंखा

माझ्या थिंकपॅड एक्स२२० लॅपटॉपचा पंखा बरेच दिवस घरघरत होता. मग एकदा मशीन सुरू केलं तर काळ्या पडद्यावर ‘फॅन एरर’ एवढंच आलं आणि ते आपलं आपण बंद झालं. पंखा नीट फिरला नाही तर हे मशीन पुढे जातच नाही. प्रोसेसर तापून जाऊ नये म्हणून केलेली ती सोय आहे.

हे २०११चं मॉडेल. अजून का धरून ठेवलंय, तर कीबोर्डसाठी. दिवसभर टायपिंग करणाऱ्यालाच हे पटेल, बाकीच्यांना पटवायचा नाद मी सोडलाय. सात ओळींचा तो जुना कीबोर्ड याच पिढीपर्यंत मिळाला. २०१२च्या मॉडेलांपासून सुट्या, चपट्या बटणांचा आला. (२०१७ साली थिंकपॅडच्या पंचविशीनिमित्त काढलेल्या मॉडेलात तो एकदा परत दिसला, पण ते आपल्या खिशाबाहेरचं काम होतं.)

कागदावर बघाल तर दुरुस्ती सोपी. हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल कोणालाही डाउनलोड करता येतं. कुठलं कव्हर आधी काढायचं, कुठला स्क्रू किती लांबीचा, सगळं चित्रांसकट. प्रत्येक सुट्या भागाला एफआरयू नंबर, म्हणजे कंपनीचा ठरलेला क्रमांक असतो, तो सांगितला की दुकानदाराशी घोळ नाही. पण आता नंबर आहे आणि भाग नाही, अशी गत झालीये.

ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोड, म्हणजे मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार गाठला. ओळखीच्या दुकानात काउंटरवरच्या पोराने नंबर बघून नुसती मान हलवली. आतून मालक म्हणाले, “बॉस, इसका डोनर अब नहीं आता.” डोनर म्हणजे ज्याचे भाग काढून घ्यायचे ते बंद मशीन.

का येत नाही, ते त्यांनीच चहा मागवून सांगितलं. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी लॅपटॉप बदलतात. तो लॉट बाजारात उतरला की काही वर्षं चंगळ असते, पडद्याचं पॅनल, बिजागरी, पामरेस्ट (कीबोर्डखालची हात टेकायची पट्टी), मागाल ते मिळतं. मग चालू मशीनं विकली जातात, बंद पडलेली सोलली जातात आणि उरलेले सर्किट बोर्ड किलोवर भंगारात जातात. वजनाचा भाव रोज मिळतो. एक्स२२०चा पंखा मागायला माझ्यासारखा एखादाच येतो. त्याच्यासाठी माळ्यावर जागा कोण अडवणार? त्यात ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू झाले. मोठ्या कार्यालयांनी आपला ई-कचरा नोंदणी असलेल्यांकडेच द्यायचा. नियम बरोबरच आहे, उघड्यावर ॲसिडमध्ये बोर्ड बुडवून सोनं काढण्यापेक्षा कितीतरी बरा. पण रिसायकलिंगला गेलेल्या मशीनचा पंखा काढून कोणी बाजूला ठेवत नाही.

मग ऑनलाइन एक ‘नवा’ पंखा मागवला. आला तो पात्यांवरची धूळ झटकून नवं स्टिकर लावलेला जुनाच. तांब्याच्या पट्टीवर आधीच्या थर्मल पेस्टचा (प्रोसेसरची उष्णता पट्टीकडे नेणाऱ्या लेपाचा) करडा चौकोन तसाच होता. विकणाऱ्याने पैसे परत केले, तेही वाद न घालता. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं.

वापरलेल्या भागाचं खरं दुखणं इथे आहे. माझं मशीन ज्या साली बनलं त्याच्याच आगेमागे तोही बनलाय. तोही कुठल्यातरी ऑफिसात तितकाच फिरलाय. आठ-नऊ वर्षांपूर्वी जुना भाग म्हणजे चार वर्षं वापरलेला भाग असायचा. आता दुकानदाराची ‘टेस्टिंग वॉरंटी’ म्हणजे त्याच्या टेबलावर चालला, घरी गेल्यावर तुमचं नशीब.

शेवटी मालकांनी एक अख्खं मशीनच समोर ठेवलं. पडदा फुटलेला, शिवाय बायोसला, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगला, कुठल्याशा ऑफिसचा सुपरवायझर पासवर्ड. बोर्ड चालू होतो, लोगो येतो, विंडोजसुद्धा येतं. पण एफ१ दाबून सेटिंगमध्ये शिरलं की पासवर्ड मागतो, आणि तो नसेल तर सेटिंग बदलता येत नाही. कंपन्यांकडून आलेल्या मालात हे नेहमीचंच. जुना बोर्ड घेताना लोगो बघून खूश होऊ नये, एफ१ दाबून बघावं. मला बोर्ड नकोच होता, म्हणून मशीन स्वस्तात मिळालं.

घरी दोन्ही मशीनं शेजारी शेजारी उघडली. एक्स२२०चा पंखा काढायचा तर जवळजवळ सगळं सुटं करावं लागतं: कीबोर्ड, पामरेस्ट, पडदा, मग बोर्ड. पुठ्ठ्यावर मशीनचा आराखडा काढून स्क्रू ज्याच्या त्याच्या जागी टोचत गेलो. पंख्याचा रोटर चुंबकाने धरलेला असतो, सरळ वर ओढला की निघून येतो. माझ्या पंख्याच्या दांडीवरचं तेल वाळून काळं, च्युइंगमसारखं चिकट झालं होतं आणि दांडी भोकात चक्क डुगडुगत होती. तो गेलाच. दुसऱ्याचंही तेल वाळलेलं, पण दांडी घट्ट होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला. एकच, जास्त झालं तर फिरताना सगळीकडे उडतं. नवी पेस्ट लावली, सगळं परत जोडलं. पंखा फिरला, एरर गेली.

त्या मशीनचा कीबोर्ड मात्र मी कपाटात ठेवलाय. हाच कीबोर्ड टी४१०, टी४२०, टी५२०, डब्ल्यू५२० या थिंकपॅडनाही बसतो, म्हणजे तेवढे गिऱ्हाईक आधीच आहेत. वर एक्स२३० आणि टी४३० या पुढच्या पिढीच्या मशीनवाले हौशी लोक फर्मवेअरमध्ये (मशीनच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) फेरफार करून हाच जुना कीबोर्ड आपल्या मशीनला बसवतात. माल आटतोय आणि मागणारे वाढताहेत.

पडद्याच्या फंदात पडलो नाही. वापरलेलं आयपीएस (चांगल्या प्रतीच्या पडद्याचं) पॅनल दाखवलं होतं एकाने. पिवळट झालेलं, आणि मधोमध लाल ट्रॅकपॉइंट (कीबोर्डमधला माउसचं काम करणारा खुंट) दाबून उठलेला पुसट ठिपका. पांढरं पान उघडलं की नेमका तिथेच डोळा जातो.

बॅटरीचं तर वेगळंच. तिथे सील न फोडलेला ओरिजिनल जुना स्टॉकही कामाचा नाही. सेल पडून राहिले तरी म्हातारे होतात, आणि व्होल्टेज फार खाली गेलं की आतलं सर्किट स्वतःला कायमचं लॉक करून घेऊ शकतं. परदेशातून मागवावी तर सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून मालवाहतुकीला २०१६पासून बंद आहेत. तेव्हा कॉम्पॅटिबल, म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेली घेतली. एक्स२२० तेवढ्यावर भागवून घेतो. त्याच्या पुढच्या पिढीपासून मशीन बॅटरी ओरिजिनल आहे का ते तपासायला लागलं. एक्स२३० स्वस्त मिळतोय म्हणून घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

मशीन आता रोज कामात आहे. पंख्याचा बारीक आवाज येतो, तो येणारच. लॅमिंग्टन रोडच्या मालकांना सांगून ठेवलंय, एक्स२२० किंवा टी४२० आला तर किलोवर टाकायच्या आधी फोन करा. त्यांनी नंबर लिहून घेतला आणि पाचशे रुपये ॲडव्हान्स ठेवून घेतला.