ल्योंला जायचं ठरलं!

आज सुट्टी होती, अख्खी दुपार बाबा आणि मी नकाशात डोकं घालून बसलो. पॅरिसहून टीजीव्ही या वेगवान रेल्वेने जेमतेम दोन तास. रोन आणि सोन नद्यांच्या संगमावरचं शहर. क्रुआ-रूसच्या चढावरची रेशीम विणकरांची घरं बघून बाबा हरखलेच: नक्षीदार कापड विणायचे उंच जकार्ड माग मावावेत म्हणून छतं चांगली चार मीटर उंच! इमारतींच्या पोटातून जाणारे 'त्राबूल' बोळही पायी फिरायचेत.

माझा जीव मात्र ल्योंच्याच मोंप्लेझीर भागात अडकलाय. सिनेमाची सुरुवात करणाऱ्या ल्युमिएर बंधूंनी १८९५ मध्ये आपल्या कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार तिथंच चित्रित केले. पुढच्याच वर्षी, ७ जुलैला, त्यांची चलच्चित्रं मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झळकली! ल्योंमधली ती कारखान्याची शेड अजून उभी आहे. तिथलं ल्युमिएर म्युझियम सोमवारी बंद, म्हणून मंगळवार धरलाय.

मुक्काम जुन्या ल्योंमध्ये करावा की संगमाकडे? कुणी राहिलं असेल तर नक्की सांगा.