डब्याचा आवाज

मार्चअखेर पुण्यातल्या एका सोसायटीतून आमच्या पक्षी उपचार केंद्रात फोन आला, "मॅडम, गरुडाचं पिल्लू सापडलंय." आमच्याकडे येणारे बहुतेक गरुड घार निघतात. हीही घारच. छातीवर फिकट रेघा, पंखांच्या पिसांना बदामी टोकं, शेपटीची खाच अजून उथळ. नुकती उडायला लागली होती आणि संक्रांतीपासून निलगिरीवर लोंबणाऱ्या मांजात अडकली. अग्निशमन दलाच्या जवानांनी मांजा न ओढता दोन्हीकडून कापला आणि अंगावरच्या तुकड्यासकट तिला खाली आणलं. एवढी समज पक्षिमित्र म्हणवणाऱ्यांतही क्वचित दिसते. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाची २०१७ पासून बंदी आहे. गल्लीतल्या दुकानांना अजून ती कळलेली दिसत नाही.

खांदा आणि मनगट यांच्यामध्ये पक्ष्याला कातडीचा पातळ पडदा असतो, पॅटॅजियम. पंखाची पुढची कड ताणून धरणारा टेंडन त्यातूनच जातो. मांजा कातडी चिरून त्या टेंडनला टेकला होता, पण टेंडन शाबूत होता. टाके घातले, आठच्या आकड्याचं बँडेज बांधलं. बरेच जण इथे चुकतात. पंख हलायला नको म्हणून तीन-तीन आठवडे तो बांधून ठेवतात. जखम भरते, पण पडदा आखडतो आणि पंख पुन्हा पुरता उघडत नाही. आम्ही दर तीन-चार दिवसांनी भूल देऊन पंख हळूहळू ताणायचो. शेपटीची पिसं जाळीवर घासून तुटू नयेत म्हणून तिला जुन्या एक्स-रे फिल्मचं पाकीट घातलं. खाणं हाडांसकट, म्हणजे उंदीर आणि कोंबडीची एक दिवसाची पिल्लं. नुसत्या बोनलेसवर वाढलेल्या पिल्लाची हाडं वाकतात. तिने न पचलेल्या केस-हाडांची पहिली गोळी ओकली, तेव्हा मी ती चिमट्यात धरून सगळ्यांना दाखवत फिरले.

माणसाची सवय लागू नये म्हणून पडद्याआडून, न बोलता भरवायचं, हा नियम माझाच. एक स्वयंसेवक तिला "शोनू" म्हणाला, तर मी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं.

महिन्याभराने तिला टेकडीवर सोडलं. दोन घिरट्यांतच ती वर गेली. कावळे मागे लागले, त्यांना तिने सफाईने चुकवलं. आम्ही खूश. दुपार झाली होती, मी माझा स्टीलचा डबा उघडला. टक्क.

घार सरळ खाली आली. माझ्यापासून दहा फुटांवर दगडावर बसली आणि पंख थरथरवत, चोच वासून, खाणं मागायला लागली.

पडद्यामागे मी रोज अशाच डब्यातून उंदीर न्यायचे. तो शोनूवाला पोरगा खाली बुटांकडे बघत होता. तो काही बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

तिला पकडून परत आणलं. मोठ्या पिंजऱ्यात दोन प्रौढ घारींसोबत ठेवलं. खाणं पाइपातून, तेही रोज वेगळ्या वेळी. मेअखेर पुन्हा सोडली, तेव्हा सगळ्यांचे डबे गाडीतच होते. ती नदीच्या दिशेने गेली आणि बाकीच्या घारींत मिसळली. तिच्या पायात कडी नव्हती, त्यामुळे पुढे ओळखायची सोय नाही.

हल्ली मी केंद्राच्या गच्चीवर जेवते. वर नेहमी पाच-सहा घारी फिरत असतात. डबा उघडताना झाकण मुद्दाम वाजवते आणि वर बघते. अजून एकही खाली आलेली नाही. ती डबा विसरली असेल, किंवा त्यांच्यात नसेलच.