टाकी चकचकीत, घाण नळाच्या पोटात

घरी बिअर बनवणाऱ्या काकांचा फोन आला तेव्हा आवाजावरूनच कळलं की वैतागलेत. "अरे, ही पण बॅच गेली बघ. तिसऱ्या-चौथ्या दिवशीच एअरलॉकचे बुडबुडे बंद पडले, आणि आत्ता नळातून थोडी काढून चाखली तर आंबट! अजून एक यीस्टचं पाकीट टाकू का वरून, की सरळ ओतून देऊ सगळं?" म्हटलं काका, यातलं काहीच करू नका, झाकणाला हातही लावू नका, मी येतोय. (एअरलॉक म्हणजे झाकणावरची थोडं पाणी घातलेली छोटी नळी, आतला गॅस बाहेर जाऊ देते, बाहेरची हवा आत येऊ देत नाही.)

घरी बिअर बनवणाऱ्यांचे स्टीलचे फर्मेंटर (बिअर ज्यात आंबते त्या टाक्या) बसवून देणं, गॅस्केट-व्हॉल्व्ह बदलणं, कूलिंग कॉइल बघणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे "बुडबुडे थांबले" हा फोन मला नवीन नाही. पण काकांची केस वेगळी होती. त्यांच्या आधीच्या बॅचेस फर्मेंटरमध्ये असेपर्यंत छान असायच्या, झाकण उघडून वरून चाखल्या तर मस्त, आणि बाटलीत भरल्यावर तीन-चार आठवड्यांनी आंबट व्हायच्या, वर बाटली उघडली की अर्धी बिअर फेस होऊन बाहेर. त्यांनी यीस्ट बदललं, पाणी बदललं, शेवटी सगळ्या बाटल्या नवीन आणल्या, तरी तेच. (अशा जास्त प्रेशर झालेल्या बाटल्या कुणाकडे असतील तर प्लीज आधी फ्रीजमध्ये पूर्ण थंड करा आणि वर जाड टॉवेल गुंडाळूनच उघडा, काच फुटली तर डोळा जातो, ही गंमत नाही.)

गेलो. तीस लिटरची टाकी, खाली साठ अंशाचा शंकूसारखा निमुळता तळ, ३०४ ग्रेडचं स्टील, मध्ये थर्मोवेल (थर्मामीटर घालायची बंद नळी), बाजूला बॉल व्हॉल्व्हचा नळ, झाकणाला क्लॅम्प. बाहेरून आरशासारखी. काका स्वच्छतेला एकदम कडक माणूस, प्रत्येक बॅचनंतर गरम पाण्यात अल्कलाइन क्लीनर घालून पंपाने फिरवतात, मग फॉस्फोरिक ॲसिडवालं नो-रिन्स, म्हणजे नंतर धुवावं न लागणारं, सॅनिटायझर. टाकी आतून स्वच्छच असणार याबद्दल मला शंका नव्हती. म्हणूनच प्रश्न पडला की घाण नक्की येते कुठून.

आधी बुडबुड्यांचा विषय संपवायचा होता, कारण काकांचा जीव त्यातच अडकला होता. एअरलॉक हे मीटर नाही हो, ती फक्त गॅस बाहेर जायची एक वाट आहे, आणि दुसरी सोपी वाट मिळाली की गॅस तिकडून जातो, एअरलॉकमधलं पाणी ढकलत बसत नाही. फर्मेंटेशन चालू आहे की संपलं हे हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजणारी तरंगती काचेची नळी, सांगतो. तर मी नळाला आणि झाकणावरच्या पोर्टला सॅनिटायझर मारला आणि तीन ग्लास ओळीत ठेवले. पहिल्यात नळ उघडल्या उघडल्या आलेली पहिली धार, जेमतेम अर्धी वाटी. दुसऱ्यात पाव लिटर वाहू दिल्यानंतरची. तिसऱ्यात वरच्या छोट्या पोर्टमधून लांब पिपेटने काढलेली, म्हणजे जी नळातून गेलीच नाही ती.

हायड्रोमीटर तिसऱ्या सँपलमध्ये टाकायचा ठरवला, पण लगेच नाही. ताज्या बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइड असतो, त्याचे बारीक बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटून त्याला वर उचलतात आणि रीडिंग खरं असतं त्यापेक्षा जास्त दिसतं. म्हणून या ग्लासातून त्या ग्लासात असं दहा-बारा वेळा ओतून गॅस काढला, मग नळकांड्यात घेऊन हायड्रोमीटर हळूच गिरकी देऊन सोडला. १.०११. काकांच्या वहीत सुरुवातीचं रीडिंग १.०५२ लिहिलेलं होतं. म्हणजे साधारण ७९ टक्के ॲटेन्युएशन (हायड्रोमीटरच्या हिशोबाने एवढी साखर यीस्टने संपवली), अल्कोहोल ५.४ टक्क्यांच्या आसपास. काका, अडकलंय कुठे, हे तर जवळजवळ संपलंय! दुसऱ्या दिवशी परत तेच रीडिंग आलं की पक्कं म्हणायचं, पण वरून यीस्ट टाकायला त्यात काही उरलंच नव्हतं.

आता आंबटपणा. मी पहिला ग्लास नाकाशी नेला, व्हिनेगरचा झणका, अगदी स्पष्ट. दुसरा, वास आहे पण अगदी पुसट. तिसरा, कोवळ्या बिअरचा वास, थोडा पावासारखा, यीस्टचा, बास. काका तिन्ही परत परत चाखत होते आणि म्हणत होते अरे पण बिअर तर एकच आहे. तेवढ्यात काकू आल्या, त्यांना बिअरमध्ये अजिबात रस नाही, पण त्यांनी तिन्ही ग्लास नुसते हुंगले आणि पहिल्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "याला नळाचा वास येतोय. मी मागेच म्हटलं होतं तो नळ धुवा म्हणून, खालची फरशी पुसताना मला येतो ना हा वास."

काकू शंभर टक्के बरोबर होत्या.

बघा, बॉल व्हॉल्व्हच्या आत एक गोळा असतो, त्याला आरपार भोक, आणि गोळ्याच्या दोन्ही बाजूंना टेफ्लॉनच्या रिंगा, त्यांना सीट म्हणतात. नळ बंद करताना गोळा फिरतो, आणि भोकात असलेली बिअर आतच कोंडली जाते. शिवाय गोळा आणि बाहेरची बॉडी यांच्यामध्ये एक पोकळी असते, तिकडेही ती झिरपते. आता टाकीत तुम्ही कितीही गरम क्लीनर फिरवा, नळ बंद असेल तर तिथे तो पोचतच नाही, आणि पूर्ण उघडा असेल तरी भोकातून सरळ वाहून जातो, गोळ्यामागच्या पोकळीत जात नाही. नळाची बाहेरची तोटी तर हवेलाच उघडी, बिअरचे दोन थेंब, भरपूर ऑक्सिजन, व्हिनेगर करणाऱ्या जंतूंना अजून काय पाहिजे. आणि काकांची बाटलीत भरायची अख्खी बिअर याच नळातून जायची! टाकीत छान आणि बाटलीत खराब, याचा उलगडा तिथेच झाला. एरवी ते वरून चाखायचे, यावेळी कुणीतरी झाकण उघडू नका म्हणून सांगितलं म्हणून पहिल्यांदा नळातून सँपल काढलं, आणि त्यामुळेच हे उघडकीला आलं.

पण टाकी भरलेली असताना हा नळ खोलणार कसा. आधी बिअर वरच्या वाटेने केगमध्ये (बिअर साठवायच्या बंद पिंपात) काढायची, आणि तिला हवा लागू द्यायची नाही. त्यासाठी झाकणातून गॅसचा हलका दाब द्यायला हवा, आणि दाब तेव्हाच टिकणार जेव्हा लीक सापडेल. म्हणजे ज्या लीकमुळे बुडबुडे थांबले होते ती आधी पकडणं भाग होतं.

टाकीच्या लेबलवर किती दाब चालतो ते बघितलं (हे न बघता कधीही गॅस जोडू नका, सगळ्या टाक्या दाबाच्या नसतात, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह आहे ना तेही तपासा), एअरलॉकची जागा बंद करून एक पीएसआय (दाब मोजायचं एकक) गॅस सोडला आणि झाकणाच्या कडेने सॅनिटायझरचा फेस मारत गेलो. तीन क्लॅम्प ठीक, चौथ्यापाशी फेसात मोहरीएवढे फुगे एकामागून एक यायला लागले. गॅस अगदी बारीक चालू ठेवून तेवढ्यापुरतं झाकण उचललं, तर सिलिकॉनच्या गॅस्केटखाली हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा देणाऱ्या वनस्पतीच्या) पानाचा एक वाळलेला तुकडा चिकटलेला, नखाएवढाही नाही. एअरलॉकमध्ये गॅसला दोन-तीन सेंटिमीटर पाणी ढकलावं लागतं, इथे त्याला मोकळी फट होती. पान काढलं, गॅस्केट पुसून नीट बसवलं, क्लॅम्प समोरासमोरचे असे आळीपाळीने आवळले, एअरलॉक परत लावला, आणि जरासा गॅस दिल्या दिल्या त्यातून बुडबुडा आला. काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

एवढ्याशा फटीने काय होतंय असं कुणाला वाटेल. जोरात फर्मेंटेशन चालू असताना खरंच फार बिघडत नाही, कारण गॅस सतत बाहेर येत असतो. पण नंतर बिअर थंड करायला घेतली, समजा २० अंशांवरून २ अंशांवर, की वरच्या मोकळ्या जागेतला गॅस सहा टक्क्यांच्या आसपास आकसतो, थंड बिअर अजून गॅस शोषून घेते, आणि टाकी बाहेरची हवा आत ओढते. ती हवा बिअरची चव मारते, ओल्या पुठ्ठ्यासारखी लागायला लागते. म्हणून थंड करण्याआधी लीक बघाच, आणि एअरलॉकच्या जागी गॅसची लाइन जोडून अगदी हलका दाब ठेवता आला तर उत्तम.

मग एअरलॉक काढून पोर्ट बंद केलं, केग सॅनिटाइझ करून कार्बन डायऑक्साइडने भरून घेतला, झाकणाच्या पोर्टमधून स्टीलची लांब नळी सोडली आणि दीड-दोन पीएसआयवर बिअर ढकलायला सुरुवात केली. एक पीएसआय म्हणजे पाणी साधारण सत्तर सेंटिमीटर वर चढतं, त्यामुळे टाकीची कड ओलांडायला एवढं पुरलं, आणि केग खाली ठेवला होता म्हणून पुढे ती आपोआपच जात राहिली. नळाच्या पातळीच्या वर चार बोटं राहिल्यावर थांबवलं. काका म्हणाले अरे दोन-तीन लिटर वाया जातायत, पण बंद नळाची सीट काही शंभर टक्के घट्ट नसते, त्याच्या तोंडाशी असलेली बिअर चांगल्या बिअरमध्ये मिसळायला माझं मन धजत नव्हतं. काकूंनी माझी बाजू घेतली, विषय संपला.

टाकी रिकामी झाल्यावर पाना लावून नळ उतरवला. आट्यांवरची टेफ्लॉन टेप तपकिरी पडून भिजलेली, बोटाने ओढली तर लगद्यासारखी सुटून आली. मग नळाचे दोन भाग वेगळे केले. दोन पीस, तीन पीसचे नळ खोलता येतात, एक पीसचा असता तर सरळ फेकायला सांगितला असता. गोळा बाहेर काढला, समोरचा भाग लख्ख, आणि उलटा केल्यावर मागच्या बाजूला मऊ बुळबुळीत पिवळट-तपकिरी थर, त्यात हॉप्सचे बारीक हिरवे कण रुतलेले. बॉडीच्या आतल्या खोबणीतही तेच. वास असा की काका दोन पावलं मागे सरकले. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "मी वर्षभर टाकी घासतोय रे."

मला तेव्हा त्यांच्यासाठी खरंच वाईट वाटलं, कारण मेहनतीत कुठेही कमी नव्हती, त्यांना टाकी विकताना हा नळ खोलायचा असतो एवढं एक वाक्य कुणी सांगितलं नव्हतं. ते सांगायला पाहिजे, प्रत्येकाला, टाकी हातात देतानाच.

सुटे भाग गरम पाण्यात अल्कलाइन क्लीनर घालून भिजत टाकले, मग बारीक ब्रशने घासले, धुतले आणि पंधरा मिनिटं उकळले, टेफ्लॉन त्याला सहज टिकतं. एका सीटवर ओरखडा होता, ती बदलली, कारण ओरखड्यात जंतू बसले की ब्रश तिथे जात नाही. हे होईपर्यंत टाकीत डोकं घालून टॉर्च मारला तर खालच्या वेल्डपाशी दोन-तीन तपकिरी ठिपके दिसले. विचारलं तर मागच्या बॅचला घाबरून काकांनी ब्लीच घालून रात्रभर ठेवलं होतं. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्याच्यावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरामुळे, ३०४ मध्ये क्रोमियम १८ टक्क्यांच्या आसपास असतं, आणि ब्लीचमधलं क्लोराइड नेमका तोच थर फोडून खड्डे पाडतं. नख फिरवलं, खड्डा लागला नाही, नुसता वरवरचा डाग होता. मऊ स्पंजने काढला, सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्याने टाकी भरून ठेवली, धुऊन हवेवर कोरडी होऊ दिली, थर परत तयार होतो. तारेची घासणी तर टाकीच्या जवळपासही नको, तिचे लोखंडी कण स्टीलमध्ये रुततात आणि मग तेच गंजतात.

निघताना काकांना म्हटलं, जमलं तर बॉल व्हॉल्व्ह काढून ट्राय-क्लॅम्पचा बटरफ्लाय व्हॉल्व्ह (आत गोळ्याऐवजी फिरणारी चकती असलेला) लावून घ्या, आट्यांची भानगड नाही, क्लॅम्प सोडला की दोन मिनिटांत हातात येतो आणि आत कोंडायला पोकळी नाही. बॉल व्हॉल्व्हच ठेवायचा असेल तर प्रत्येक बॅचला खोलायचा, दर वेळी, आणि सँपल काढून झालं की तोटीत सॅनिटायझर मारून वर छोटी टोपी लावायची.

केगमधल्या बिअरच्या दोन बाटल्या मी मुद्दाम भरून बाहेर गरम जागी, झाकणवाल्या डब्यात ठेवायला सांगितल्या होत्या, संसर्ग असेल तर उबेत लवकर कळतो. महिन्याभराने काकांनी त्या थंड करून उघडल्या, एकही उसळली नाही, चव स्वच्छ. पुढची बॅच त्यांनी लगेच लावली, नळ अजून बॉल व्हॉल्व्हच आहे, पण खोलून धुवायचं काम आता काकूंनी स्वतःकडे घेतलंय आणि सीटचा एक जादा सेट माझ्याकडून मागवून ठेवलाय.