रजा संपवून पुन्हा युगांडात : आमच्या कुटुंबाचा अनुभव

परदेशी सेवेसाठी पहिल्यांदा निघणाऱ्या कुटुंबाला चार जण येऊन सल्ला देतात. रजा संपवून परत निघणाऱ्यांना मात्र सहसा कोणी काही सांगत नाही, कारण त्यांना सगळे ठाऊकच आहे असे गृहीत धरलेले असते. माझा अनुभव असा की परत जाणे हे स्वतंत्र काम आहे आणि त्याची तयारी पहिल्या जाण्याइतकीच मन लावून करावी लागते. युगांडातील मसाका शहराच्या परिसरात आम्ही काही वर्षांपासून राहतो. मी तेथील चर्चच्या आरोग्य केंद्रात परिचारिका-प्रसाविका म्हणून काम करते, माझे पती जवळच्या शाळेत गणित शिकवतात, आणि आमची दोन्ही मुले तेथेच शिकतात. २०२५ च्या ईस्टरला आम्ही फर्लोवर, म्हणजे परदेशी सेवेतल्या दीर्घ रजेवर, नागपूरला आलो आणि नाताळ घरी साजरा करून परतलो.

फर्लोला लोक विश्रांती समजतात. आमचे बरेच रविवार अमरावती, वर्धा, चंद्रपूर आणि यवतमाळच्या ख्रिस्ती मंडळ्यांना कामाचा वृत्तांत सांगण्यात गेले, आणि ते जायलाच हवे होते, कारण आमचा खर्च याच मंडळ्या उचलतात. निरोपाच्या उपासनेत पाळकसाहेबांनी आठवण करून दिली की मिशनरी स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडहून नागपुरात आले ते १८४५ मध्ये, आणि ज्या उत्तर भारताच्या मंडळीचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) आम्ही सभासद आहोत तिची स्थापनाही याच शहरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी झाली. ज्या गावाने इतकी वर्षे बाहेरून आलेल्यांना सामावून घेतले त्या गावातून आपण बाहेर जात आहोत, ही जाणीव मला तेथे वागताना फार उपयोगी पडते.

कागदपत्रांचे काम आम्ही पावसाळ्यातच हाती घेतले. पंधरा वर्षांखालील मुलांचा पासपोर्ट जास्तीत जास्त पाच वर्षे चालतो, त्यामुळे धाकट्याचा नवा काढावा लागला. पण युगांडातील राहण्याचा परवाना जुन्या पासपोर्टवर नोंदलेला होता, म्हणून रद्द झालेला पासपोर्टही आम्ही नव्यासोबतच ठेवला. पीतज्वराच्या लसीचा दाखला दर दहा वर्षांनी नवा घ्यावा लागतो असे अजूनही अनेक जण सांगतात. प्रत्यक्षात जुलै २०१६ पासून तो आजीवन ग्राह्य आहे. मात्र पहिल्यांदा लस घेणाऱ्याचा दाखला दहा दिवसांनंतर लागू होतो, हे तिकीट काढण्याआधी ध्यानात घ्यावे. भारतात परत येतानाही हा दाखला तपासला जातो आणि नसल्यास विलगीकरणात ठेवतात, म्हणून तो सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावा. दीर्घकाळ परदेशी राहणाऱ्याने इथले साधे बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घ्यावे लागते, तेही याच मुक्कामात उरकले. २०२६ च्या जानेवारीत युगांडात सार्वत्रिक निवडणूक ठरलेली असल्यामुळे आम्ही तिकीट महिनाअखेरचे काढले. शाळा फेब्रुवारीत उघडतात, त्यामुळे मुलांचे नुकसान होणार नव्हते.

कागदांपेक्षा कठीण होते ते सासूबाईंना सोडून जाणे. त्यांचे गुडघे या वर्षात बरेच खालावले आहेत. दीर आणि जाऊबाई जवळच राहतात आणि मनापासून करतात, पण "आहेत ना ते" म्हणून मोकळे होणे मला पटले नाही. निघण्याआधी आम्ही तिघा भावंडांना एकत्र बसवून औषधे, डॉक्टरांच्या भेटी, बँकेचे अधिकारपत्र आणि अचानक दवाखान्यात न्यावे लागले तर निर्णय कोणी घ्यायचा, हे सारे सासूबाईंच्या समोर, त्यांना विचारून ठरवले. त्या दिवशी त्या रडल्या, पण नंतर त्यांना स्वस्थ झोप लागली असे जाऊबाईंनी सांगितले. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने ही बैठक घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

सामानाविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांच्या मुदतीत देशाबाहेर काढले होते, पण पुढे अनेक कुटुंबे परतली आणि आता कंपालात डाळी, पीठ, मसाले सगळे मिळते. आम्ही बालभारतीची पुस्तके, मराठी बायबल आणि सावजी मसाला नेला. मुंबईहून अदिस अबाबामार्गे एन्टेबीला उतरलो आणि विषुववृत्त ओलांडून मसाकाकडे गेलो.

घरात वाळवीने एक कपाट पोखरले होते आणि सौर दिव्यांची बॅटरी निकामी झाली होती, ते अपेक्षितच होते. खरी अडचण फोनची. सिमकार्डे वापराविना बंद पडली होती, आणि तेथे शाळेच्या शुल्कापासून विजेच्या बिलापर्यंत सारे व्यवहार मोबाइल मनीने होतात. त्यामुळे पासपोर्ट आणि परवाना दाखवून आधी सिमकार्ड मिळवावे, बाकीची कामे मग करावीत. मलेरियाबाबत तर मी मुलांनाही सूट देत नाही. त्या भागात राहून अंगात आलेली थोडीफार प्रतिकारशक्ती काही महिने बाहेर राहिल्यावर ओसरते, म्हणून परतलेल्याने नवख्याप्रमाणेच वागावे : पहिल्या रात्रीपासून औषध लावलेली मच्छरदाणी, आणि ताप आला की त्याच दिवशी रक्ततपासणी.

आम्ही आल्याचे कळताच शेजारणी अंगणात येऊन "कुलिकायो" म्हणत स्वागत करू लागल्या, आणि त्याच वेळी आमच्या गैरहजेरीत कोण कोण गेले तेही समजत गेले. बुगांडात, म्हणजे मसाका ज्या प्रदेशात येते तेथे, मृत्यूनंतर भेटीला जाणे हे नात्याचे मोठे कर्तव्य मानतात, आणि उशीर झाला म्हणून ते टळत नाही. सुरुवातीचे दिवस आम्ही यालाच दिले. ज्या घरात मृत्यू झाला होता तेथे साखर आणि साबण घेऊन जायचे, अंथरलेल्या चटईवर बसायचे, शेवटच्या दिवसांत काय झाले ते सविस्तर ऐकायचे, प्रार्थना करायची आणि दफन केले त्या जागी जाऊन उभे राहायचे. माझ्या हाताखाली बाळंत झालेल्या एका तरुण आईचा मृत्यू झाला होता. तिच्या सासूने मला सगळे अगदी पहिल्यापासून सांगितले, आणि मध्येच थांबून नागपूरला माझी सासू कशी आहे ते विचारले. या भेटींमुळे माझे काम लांबते आहे असे एकदाही वाटले नाही. कामाला सुरुवात तेथूनच झाली होती.

मुलांचे परतणे आमच्यापेक्षा वेगळे होते. थोरली इंग्रजीत शिकते, तिची चाचणी घेऊन शाळेने तिला वरच्या वर्गात बसवले. धाकटा मात्र अशा इयत्तेत आहे जेथे ग्रामीण शाळांत मातृभाषेतून शिकवतात. चौथीपासून इंग्रजीकडे वळतात. नागपूरच्या आजी-आत्यांत राहून त्याचे मराठी छान झाले होते आणि तिकडची लुगांडा भाषा मागे पडली होती. त्याला वर्ग पुन्हा करू द्यावा असे आम्ही स्वतःच शिक्षिकांना सुचवले. त्याला प्रथम वाईट वाटले, पण दुपारभर शेजारच्या मुलांबरोबर खेळून त्याने भाषा आमच्या कल्पनेपेक्षा लवकर परत मिळवली.

आरोग्य केंद्राबद्दल सविस्तर सांगायला हवे, कारण परतणाऱ्या सेवकांना मला सर्वांत निकडीने सांगायचे आहे ते हेच. मी रजेवर जाताना प्रसूतिकक्षाची जबाबदारी तेथील एका प्रसाविकेकडे सोपवली होती. तिने ती नुसती सांभाळली नाही, वाढवली. गरोदर स्त्रियांच्या तपासणीचा दिवस तिने बाजाराच्या दिवशी आणला, त्यामुळे लांबच्या स्त्रिया एकाच फेरीत दोन्ही कामे उरकू लागल्या. रात्री कळा सुरू झालेल्या स्त्रीला आणण्यासाठी तिने बोडा-बोडा, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकली, चालवणाऱ्या तरुणांची पाळी लावली, आणि अवघड प्रसूती मसाकाच्या प्रादेशिक रुग्णालयात वेळेत पोहोचू लागल्या. मी परतल्यावर जुनी व्यवस्था परत येईल असे काहींना वाटत होते आणि तिलाही बहुधा तीच धास्ती होती.

माझे मत स्पष्ट आहे : जी जागा चांगली भरली गेली ती आपल्यासाठी रिकामी करायला लावू नये. आपण नसताना काम थांबले नाही, हेच तर आपल्या सेवेचे फळ आहे. मी प्रमुखांना भेटून कक्षाची जबाबदारी तिच्याकडेच ठेवण्याची विनंती केली आणि तिच्या हाताखाली पाळी लावून घेतली. शिकण्यासारखेही बरेच साठले होते. आम्ही नागपूरला आलो त्याच महिन्यात, एप्रिल २०२५ मध्ये, युगांडाने १०५ जिल्ह्यांत लहान मुलांसाठी मलेरियाची आर-२१ लस सुरू केली. ती पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. सहा, सात, आठ आणि अठरा महिने असे तिच्या मात्रांचे वेळापत्रक आहे, आणि केंद्रात येणाऱ्या माता त्याबद्दल विचारत होत्या. उत्तरे मी त्या प्रसाविकेच्या शेजारी बसून, तिच्याकडूनच समजून घेतली.

आता कामाची वाटणी ठरली आहे. प्रसूतिकक्ष आणि बोडा-बोडाची व्यवस्था तिच्याकडे. माझ्याकडे आठवड्यातील ठरावीक रात्रपाळ्या, शिकाऊ प्रसाविकांचे वर्ग आणि बाजाराच्या दिवशी गरोदर स्त्रियांना मलेरियाप्रतिबंधक गोळ्या समोर उभे राहून देण्याचे काम. दुसऱ्या तिमाहीपासून, किमान महिन्याच्या अंतराने, निदान तीन वेळा या गोळ्या द्यायच्या असतात, आणि मार्चमध्ये पाऊस सुरू झाल्यापासून त्या रांगेत दर आठवड्याला नव्या स्त्रिया येत आहेत.