सशाची किंकाळी आणि आमचा मोत्या

चवथीला भाचा ह्यूस्टनहून आला, तो एक हिरवट डबा घेऊन. पुढे भोंगा, मागे बॅटरी, सोबत रिमोट. "मामा, तू साउंडवाला ना? मित्राचा आहे. आवाज फाटतो म्हणतो."

तिकडे कायोटी, म्हणजे कोल्ह्यासारखं तिथलं रानटी जनावर, मारायला हे वापरतात. डबा दूर झुडपापाशी ठेवायचा, आपण रिमोट घेऊन दडून बसायचं आणि जखमी सशाची किंकाळी वाजवायची. जनावर डब्याकडे बघत येतं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे, ते बरंच. त्यात आमच्या कुळागरामागे कोल्हे आहेत. त्यांची भूक कशाला चाळवा? म्हणून दारं-खिडक्या लावून, सामानाच्या खोलीत गाद्यांच्या आड डबा वाजवला.

पाऊण आवाजापर्यंत ठीक होता. पूर्ण केला की ॲम्प्लिफायर क्लिप व्हायचा. लहरींचे माथे सपाट कापले जातात आणि मुळात नसलेले कर्कश सूर त्यात घुसतात. माणसाला तो जोर वाटतो. आमच्या उत्सवातल्या नाटकांत तेच, समितीवाले मागून ओरडतात, "वाढव रे!", आणि नायकाचा आवाज पत्र्यासारखा होतो. भोंग्याला मात्र मी दोष देणार नाही. थोड्या वॅटमध्ये तो लांब फेकतो. बास देत नाही खरा, पण किंकाळीत खर्ज असतोच कुठे?

मग फाइल लॅपटॉपवर उघडली. १६,००० हर्ट्झच्या वर सगळं कोयत्याने छाटल्यासारखं रिकामं. माणसाच्या कानाला जे कळत नाही ते एमपीथ्री टाकून देतं, पण कुत्र्याला ४५,००० हर्ट्झच्या आसपासपर्यंत ऐकू येतं, आणि कायोटी त्याचाच भाऊबंद. चोर सापडला असं वाटलं. पण एवढे बारीक सूर हवेतच विरतात. शंभरेक मीटरवर त्यांतलं फारसं उरत नाही. लांबच्या जनावराला त्या छाटणीचं काय?

खरा दोष मोत्याने दाखवला. पहिल्या किंकाळीला कान टवकारून, मान वाकडी करून डब्यासमोर उभा. तिसऱ्यांदा तीच वाजली तेव्हा जांभई देऊन उंबऱ्यावर आडवा झाला. मी हेडफोन लावले. दर तेवीस सेकंदांनी, फाइल जिथे संपून पुन्हा सुरू होते तिथे, एक बारीकसं 'टिक'. त्याआधी मागची खरखर क्षणभर तुटायची. मग तोच ससा, तोच हुंदका, तसाच्या तसा. माणूसही कंटाळला असता.

सांधा गुळगुळीत केला, किंकाळीचे लहान-मोठे तुकडे पाडले, मध्ये कमी-जास्त शांतता ठेवली. फाइलचा जोर उतरवला, म्हणजे पूर्ण आवाजातही माथे कापले जाणार नाहीत. हे करताना एक गोष्ट टोचत राहिली. कधीतरी कुणीतरी खऱ्या सशासमोर माईक धरला असणार. भाच्याला विचारलं, त्याने खांदे उडवले.

संध्याकाळी पुन्हा वाजवलं, हळूच. मोत्या उठला, डब्याभोवती दोन फेऱ्या घातल्या आणि भोंग्यात तोंड खुपसलं. जाळीवर त्याचे दोन दात उमटलेत. मित्राला काय सांगायचं ते भाच्याने अजून ठरवलेलं नाही.