डॉक्टर असून निवडणूक कशाला?

मी सार्वजनिक आरोग्य हा विषय शिकवते. वर्गातल्या मुली मला वरचेवर विचारतात की डॉक्टर बाई राजकारणात गेली की तिचे शिक्षण वाया जात नाही का? (डॉ. बिधानचंद्र रॉय 1948 पासून अखेरपर्यंत पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री होते. त्यांच्याबद्दल हा प्रश्न अद्याप कोणी केलेला नाही.) तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून डॉ. सुशीला नायर यांच्याविषयी लिहिते.

गांधीजींच्या डॉक्टर आणि आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबांच्या शेवटच्या आजारात शुश्रूषा करणाऱ्या, ही त्यांची ओळख इतकी घट्ट बसली आहे की पुढची राजकीय कारकीर्द लोकांच्या लक्षातच राहत नाही. 1952 मध्ये त्या दिल्ली विधानसभेवर निवडून आल्या, तिथे आरोग्यमंत्री आणि नंतर अध्यक्ष झाल्या, 1957 पासून झाशीच्या खासदार आणि 1962 ते 1967 केंद्रीय आरोग्यमंत्री होत्या. 1977 मध्ये जनता पक्षातर्फे झाशीने त्यांना पुन्हा निवडून दिले.

मंत्रिपदाची मर्यादा मात्र नीट समजून घ्यायला हवी. राज्यघटनेने दवाखाने आणि सार्वजनिक आरोग्य राज्यांकडे सोपवले आहे. केंद्रातला मंत्री निधी देतो, धोरण आखतो, पण गावातल्या आरोग्य केंद्रात परिचारिका रुजू झाली की नाही, हे त्याच्या हातात नसते. 1965 मध्ये कुटुंबनियोजनासाठी देशभर लूप (गर्भाशयात बसवायचे गर्भनिरोधक साधन) बसवण्याची मोहीम निघाली, तेव्हा हेच आडवे आले. किती बसवले याची मोजदाद होत राहिली. बसवल्यानंतर रक्तस्राव होणाऱ्या बाईला पुन्हा तपासायची व्यवस्था तोकडी पडली आणि बायकांचा विश्वास उडाला. खात्याच्या प्रमुखपदी डॉक्टर असूनही हे टळले नाही, आणि त्या अपयशाची जबाबदारी त्यांच्या पदरात घालायला मी कचरत नाही.

तरीही डॉक्टरकी वाया गेली, असे मी म्हणणार नाही. त्या मंत्री असतानाच, 1964 मध्ये, कस्तुरबा हेल्थ सोसायटी स्थापन झाली आणि 1969 मध्ये सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले, ज्याच्या खर्चात केंद्र, राज्य आणि सोसायटी अशा तिघांचा वाटा ठरला. खेड्यातल्या कॉलेजसाठी सरकारी तिजोरी उघडायला लावणे एकट्या निष्णात डॉक्टरला साधले असते, असे मला वाटत नाही; त्यासाठी सरकार आतून पाहिलेले असावे लागते. तिथे सगळे त्यांना ‘बडी बहनजी’ म्हणत. पुढे तिथल्या डॉक्टरांनी आसपासच्या गावांसाठी विमा योजना चालवली, तिचा हप्ता सुगीनंतर ज्वारीच्या रूपात गोळा होई. ज्याची जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त, आणि गावातली बहुसंख्य घरे सामील झाली तरच गाव योजनेत. त्यासाठी डॉक्टरांना गावकऱ्यांसमोर बसून त्यांना राजी करावे लागे. ते काम दवाखान्याचे की राजकारणाचे, हे वर्गातल्या मुलींनी मला सांगावे.