तिकिटावर साडेपाच तास, प्रवास सोळा तासांचा

तिकिटावर मुंबईहून सुटण्याची वेळ रात्री २:००, न्यूयॉर्कला पोचण्याची सकाळी ७:३०, तारीख एकच. मग प्रवास साडेपाच तासांचा? नाही. दोन्ही वेळा त्या त्या शहराच्या घड्याळातल्या आहेत. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं. तेवढे मिळवले की खरे १६ तास निघतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे करतात, तेव्हापासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेनऊ तास धरा.

मुंबई-न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. ते भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून काढू नका. पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा: अरबी समुद्राकडे न जाता तो वर चढतो आणि रशिया, नॉर्वे, आइसलँडवरून खाली उतरतो. सगळ्यांत जवळची वाट हीच. पण प्रत्येक विमानाला ती मिळतेच असं नाही. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा वळसा पडून वेळ वाढला.

ढोबळ हिशेब सोपा आहे. किलोमीटरला ८५० ने भागा आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवा. मुंबई-लंडन ७,२०० किलोमीटर, म्हणजे नऊ तास. प्रत्यक्षात जाताना साडेनऊ-दहा लागतात, येताना कमी. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. तो जाताना तोंडावर येतो, येताना पाठीशी असतो. हिवाळ्यात त्याचा जोर जास्त.

आपल्या मराठवाड्याच्या माणसाचा खरा घोटाळा मात्र मुंबईच्या अलीकडेच होतो. १५ तारखेला रात्री २ वाजताचं विमान म्हणजे १४ च्या रात्री दहा-अकराला विमानतळावर हजर. जेवून १५ ला रात्री निघू म्हणणाऱ्यांचं विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. चिकलठाण्याहून, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या विमानतळावरून, मुंबई हवेतून जेमतेम २८० किलोमीटर, तासाभराचं काम. पण ते विमान उशिरा आलं तर पुढचं थांबत नाही. दोन्ही तिकिटं एकाच बुकिंगमध्ये असतील तर पुढची सोय सहसा कंपनी लावते. वेगवेगळी काढली असतील तर नुकसान तुमचं. शिवाय बॅगा मुंबईत पट्ट्यावरून उचलून पुन्हा चेक-इन कराव्या लागतात, आणि काउंटर साधारण तासभर आधी बंद होतात. तेव्हा मध्ये निदान सहा तास ठेवाच. परभणी-जालन्याकडच्यांनी, विशेषतः सोबत म्हातारी माणसं असतील तर, देवगिरी एक्सप्रेस धरावी: सकाळी मुंबई, रात्रीचं विमान, गाडी दोन-चार तास रखडली तरी घोर नाही.

आणि तिकिटावर विमानतळाचा कोड वाचा. बीओएम म्हणजे मुंबई, एनएमआय म्हणजे नवी मुंबई.